रदेयेफ अडले, सिदी बुझिद पसरले: बेन अलींच्या ट्युनिशियातील दोन उठाव

मार्च २०१० मध्ये ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरील मोनास्तिर शहरात एका फेरीवाल्याने परवान्याच्या वादातून नगरपालिकेत स्वतःला पेटवून घेतले. काही दिवसांनी तो मरण पावला. अंत्ययात्रेला गर्दी लोटली, पण प्रकरण शहराच्या वेशीबाहेर गेले नाही. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सिदी बुझिद या आतल्या भागातील गावात मोहम्मद बुअझिझी या २६ वर्षांच्या भाजीवाल्याने राज्यपाल कार्यालयासमोर तेच केले आणि २८ दिवसांनी, १४ जानेवारी २०११ रोजी, २३ वर्षे सत्तेवर असलेले राष्ट्राध्यक्ष झीन अल-आबिदीन बेन अली विमानात बसून जेद्दाला पळाले.

त्याआधी २००८ मध्ये गाफ्साच्या फॉस्फेट खाणपट्ट्यात, रदेयेफ आणि शेजारच्या गावांत, सहा महिने चाललेले आंदोलन या दोन्ही घटनांपेक्षा जास्त संघटित होते. त्याला नेते होते, मागण्या होत्या, चिकाटी होती. तरी ते चिरडले गेले. लोक किती संतापले आहेत एवढेच पाहून उठावाचा अंदाज बांधणाऱ्यांनी या तीन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. तिन्हींत संताप सारखाच होता. एका गावातला संताप दुसऱ्या गावात, तिथून राजधानीत पोहोचायला किती वाटा मोकळ्या होत्या, यावर निकाल ठरला. या लेखाचा सगळा भर त्या वाटांवर आहे.

दडपशाही रोज कशी चालायची

बेन अली ७ नोव्हेंबर १९८७ रोजी सत्तेवर आले. सात डॉक्टरांच्या सहीचा दाखला पुढे करून त्यांनी वृद्ध राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा यांना 'कामकाजास असमर्थ' ठरवले. सुरुवातीची दोन वर्षे मोकळीक होती. १९८९ च्या निवडणुकीत अपक्ष म्हणून उभ्या राहिलेल्या इस्लामवादी उमेदवारांना काही शहरांत लक्षणीय मते पडली आणि मग फास आवळला गेला. अन्नहदा पक्षाचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात गेले. १९९२ मध्ये लष्करी न्यायालयांत २७९ जणांवर एकत्रित खटले चालले. पक्षाचे नेते राशिद घन्नुशी लंडनला आश्रयाला गेले.

तुरुंग आणि मारहाण हा या यंत्रणेचा दिसणारा भाग. तिचे खरे बळ कागदपत्रांत होते. सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, टॅक्सीचा परवाना, पासपोर्ट, कशालाही पोलिसांचा दाखला लागे आणि 'बी-३' नावाचा हा दाखला राजकीय विरोधकाच्या घरातल्या मुलाला मिळत नसे. वडील अन्नहदात होते म्हणून मुलाची नोकरी अडली, अशी उदाहरणे गल्लोगल्ली होती. सुटून आलेल्या कैद्यावर 'प्रशासकीय देखरेख' असे. त्याने ठरलेल्या पोलीस ठाण्यात हजेरी लावायची, कधी कधी दिवसातून अनेकदा. अशा माणसाला कोण काम देणार? त्याच्याशी बोलणाऱ्या शेजाऱ्याची नोंद होई, म्हणून शेजारीही तोंड फिरवत. एका माणसाला धरून सगळी आळी गप्प करण्याची ही पद्धत होती.

वरून खाली साखळी अशी: २४ प्रांत, प्रत्येकावर राज्यपाल म्हणजे वाली, त्याखाली तालुक्याचा मुतामद, त्याखाली वस्तीपातळीवरचा उमदा. या प्रत्येकाला समांतर आरसीडी या सत्तापक्षाची शाखा. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या देशात पक्ष वीस लाख सदस्य सांगत असे. रेशनवरची मदत, रोजगार योजनेतली हंगामी कामे आणि '२६-२६' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय निधीतली घरे, सगळे याच हातांतून जाई. या निधीला व्यापारी 'स्वेच्छेने' पैसे देत. न देणाऱ्याकडे करखात्याची माणसे येत.

निवडणुकांचे आकडे या व्यवस्थेला शोभतील असेच: १९९४ मध्ये ९९.९१ टक्के, १९९९ मध्ये ९९.४५, २००४ मध्ये ९४.४९, २००९ मध्ये ८९.६२. यातली घट लोकशाही वाढल्याची खूण नव्हती. परदेशात आकडा पटण्याजोगा दिसावा म्हणून तो खाली आणला जात होता.

माहितीवरही असाच पहारा होता. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी एजन्सीतून देशातल्या इंटरनेटची सगळी वाहतूक जाई. बंद केलेल्या संकेतस्थळावर सरकारी सूचना न येता '४०४, पान सापडले नाही' असे दिसे, जणू तांत्रिक बिघाड आहे. लोकांनी या अदृश्य सेन्सॉरला 'अम्मार ४०४' असे नाव ठेवले होते. वर्तमानपत्रांच्या सरकारी जाहिराती एकाच संस्थेच्या हाती होत्या. बोलणाऱ्या पत्राची जाहिरात थांबे आणि ते पत्र काही महिन्यांत मवाळ होई.

रदेयेफ, जानेवारी ते जून २००८

गाफ्सा प्रांतातली रदेयेफ, उम्म अल-अराइस, मेतलावी आणि म्धिला ही चार गावे फॉस्फेट कंपनीवर जगतात. भारतातल्या शेतकऱ्याच्या डीएपीतला काही फॉस्फरसही याच खाणींतून फॉस्फरिक आम्लाच्या रूपाने येतो. यांत्रिकीकरणानंतर कंपनीतली माणसे १९८० च्या सुमाराच्या १४ हजारांवरून पाच हजारांच्या आसपास आली. दुसरा उद्योग नाही, विहिरींचे पाणी खनिज धुण्याने आटलेले, हवेत धूळ.

५ जानेवारी २००८ रोजी कंपनीच्या भरतीची यादी लागली. काही जागा खाण अपघातांत मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या कामगारांच्या मुलांसाठी ठेवायच्या असे ठरले होते. यादीत मात्र सत्तापक्ष आणि युनियनच्या वजनदार मंडळींची माणसे निघाली. खाण कामगारांच्या विधवांनी मुलांसह तंबू ठोकले, तरुणांनी रेल्वेमार्गावर बसून फॉस्फेटच्या गाड्या अडवल्या. अदनान हाज्जी हे शाळामास्तर आणि त्यांचे युनियनमधले सहकारी यांनी स्थानिक युनियन कार्यालयातून आंदोलनाला शिस्त लावली. वाटाघाटी झाल्या, काही आश्वासने मिळाली, मोडली, पुन्हा आंदोलन. एप्रिलमध्ये नेत्यांना पकडल्यावर बायकांनी मोर्चा काढून त्यांना सोडवून आणले. मे महिन्यात वीजकेंद्र अडवून बसलेला एक तरुण विजेच्या धक्क्याने मरण पावला. ६ जूनला पोलिसांनी रदेयेफमध्ये गोळीबार केला, त्यात आणखी एक तरुण गेला. दुसऱ्या दिवशी गावात सैन्य उतरले.

डिसेंबर २००८ मध्ये ३८ जणांवरील खटल्याचा निकाल लागला. हाज्जींना दहा वर्षे, अपिलात आठ. चित्रण करून उपग्रह वाहिनीला पाठवणाऱ्या फाहेम बुकादूस या पत्रकाराला गैरहजेरीत सहा वर्षे, २०१० च्या फेरसुनावणीत चार. हाज्जी आणि सहकारी नोव्हेंबर २००९ मध्ये सुटले.

इतक्या टिकलेल्या आंदोलनाचे पाऊल बाहेर का पडले नाही? पहिले कारण युनियनच्या आतले. यूजीटीटी हा कामगार महासंघ १९४६ पासूनचा, सुमारे पाच लाख सदस्यांचा आणि बेन अलींच्या काळात कायद्याने जिवंत राहिलेली एकमेव मोठी बिगरपक्षीय संघटना. पण गाफ्साची प्रांतिक युनियन स्वतःच त्या भरतीच्या आणि ठेकेदारीच्या व्यवहारात अडकलेली होती. तिने हाज्जींनाच निलंबित केले. म्हणजे गावापासून प्रांतापर्यंतचा दुवाच तुटला. ट्यूनिसमधल्या मध्यवर्ती नेतृत्वाने अंग काढून घेतले.

दुसरे कारण भूगोलाचे. खाणपट्टा देशाच्या एका टोकाला, मोजक्या रस्त्यांवर आहे. चार गावांना वेढा घालायला पोलीस पुरले. तिसरे कारण चित्रांचे. बुकादूस यांचे चित्रण एका छोट्या विरोधी वाहिनीवर थोडा वेळ दिसे. यूट्यूब आणि डेलीमोशन बंद होते. फेसबुक वापरणारे तेव्हा हजारांत मोजता येत. रदेयेफची बातमी फ्रान्समधल्या नान्त शहरात, तिथे राहणाऱ्या रदेयेफकरांकडे आधी पोहोचे आणि शेजारच्या प्रांतात उशिरा. चौथे कारण मागणीचे: 'कंपनीत नोकरी' ही खाणपट्ट्याची मागणी होती, स्फाक्स या किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरातल्या दुकानदाराला तिच्यात आपले काही दिसेना.

मधली दोन वर्षे

दडपशाही जिंकली असे वाटत असताना तीन गोष्टी हळूहळू बदलल्या.

फेसबुक ऑगस्ट २००८ मध्ये काही दिवस बंद करून पुन्हा सुरू केले गेले. राष्ट्राध्यक्षांनीच ते उघडले, असा गाजावाजा झाला. जानेवारी २०११ पर्यंत वापरणारे वीस लाखांच्या घरात होते. इतर व्हिडिओ संकेतस्थळे बंद असल्यामुळे सगळे चित्रण एकाच ठिकाणी साठू लागले. सेन्सॉरने बाकीची दारे लावून ही गर्दी स्वतःच एका दारापाशी जमवली.

सत्तापक्ष आतून पोकळ झाला. विश्व बँकेच्या २०१४ मधील अभ्यासानुसार बेन अलींच्या गोतावळ्याशी जोडलेल्या २२० कंपन्या खासगी क्षेत्रातल्या उत्पादनाचा ३ टक्के वाटा उचलत आणि नफ्यातला २१ टक्के खिशात घालत. बँका, विमानसेवा, मोटारींची आयात, जिथे परवाना लागे तिथे पत्नी लैला यांचे त्राबेल्सी कुटुंब. किनाऱ्यावरचा उद्योजक, जो २००८ मध्ये व्यवस्थेच्या बाजूने होता, तो आता आपला धंदा त्यांच्या नजरेत येईल म्हणून वाढवायला घाबरू लागला. नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस फुटलेल्या अमेरिकी दूतावासाच्या गुप्त संदेशांनी नवे काही सांगितले नाही, पण सगळ्यांना ठाऊक असलेले आता लिहून ठेवलेले होते.

आणि बेरोजगारीचे रूप बदलले. एकूण दर १३ टक्के, पदवीधरांत सुमारे २३ टक्के. ही रदेयेफची मागणी उरली नव्हती. प्रत्येक प्रांतात पदवी घेऊन कॅफेत बसलेली मुले होती. सिदी बुझिद परिसरात तर २०१० च्या उन्हाळ्यातच कर्जापोटी गेलेल्या जमिनींसाठी शेतकऱ्यांनी आंदोलन केले होते. बुअझिझीची घटना कोऱ्या जमिनीवर घडलेली नाही, हे अनेक वर्णनांत सुटून जाते.

१७ डिसेंबर ते १४ जानेवारी

बुअझिझीचा माल आणि तराजू जप्त झाला, तक्रार ऐकायला कुणी भेटले नाही, आणि साडेअकराच्या सुमारास त्याने स्वतःला पेटवले. तो पदवीधर होता अशी बातमी पसरली. ती खरी नव्हती, पण पदवीधर बेकारांना ती आपली वाटली. त्याच दुपारी नातेवाईक आणि गावातले युनियनवाले कार्यालयासमोर जमले. मोबाइलवरचे चित्रण संध्याकाळी अल जझीरावर दिसले. या वाहिनीला ट्युनिशियात कार्यालय उघडू दिलेले नव्हते, त्यामुळे तिची माणसे फेसबुकवरच्या चित्रफिती तपासून वापरत. बातमीची वाट अशी झाली: गावातला मोबाइल, फेसबुक, अल जझीराचे दोहातले मुख्यालय, आणि तिथून प्रत्येक घराच्या गच्चीवरची डिश. इंटरनेट नसलेल्या म्हाताऱ्यानेही आपल्याच देशातले दृश्य त्याच रात्री पाहिले. फेसबुकने क्रांती केली असे म्हणणारे या साखळीचा अर्धाच भाग सांगतात.

दुसरी वाट युनियनची. यूजीटीटीची रचना समजून घेतली तर पुढचे सगळे उलगडते. तळाला शाळा, टपाल, रुग्णालय अशा ठिकाणची मूळ युनियन, मग स्थानिक, मग प्रांतिक. प्रत्येक पातळीला स्वतःचे कार्यालय, बैठकीचा हक्क, आणि प्रांतिक पातळीला संपाचा प्रस्ताव. सरचिटणीस अब्देस्सलाम जराद राजवटीशी जुळवून घेणारे होते, महासंघाने २००४ आणि २००९ मध्ये बेन अलींना पाठिंबाही दिला होता. पण शिक्षक आणि टपाल कर्मचाऱ्यांच्या युनियन डाव्या, कणखर लोकांच्या हाती होत्या. शिक्षक प्रत्येक गावात असतो, बदलीमुळे दुसऱ्या प्रांतातली माणसे ओळखतो, आणि कार्यालयाची किल्ली त्याच्याकडे असते. सिदी बुझिदमध्ये प्रांतिक युनियनने गाफ्सासारखी दारे लावली नाहीत. मेन्झेल बुझायेन, रेगेब, मेकनासी इथल्या तरुणांनी रात्रीची आंदोलने सुरू केली, त्यामागे सिदी बुझिदवरचा पोलिसांचा भार हलका करण्याचा स्पष्ट हेतू होता. २४ डिसेंबरला मेन्झेल बुझायेनमध्ये पोलिसांच्या गोळीने पहिला बळी गेला. २७ डिसेंबरला राजधानीतल्या युनियन मुख्यालयासमोर, मोहम्मद अली चौकात, निदर्शने झाली.

तिसरी वाट वकिलांची. काळा झगा घातलेल्या माणसाला न्यायालयाच्या दारात मारणे पोलिसांना महागात पडते, कारण शहरी मध्यमवर्ग ते पाहतो. ३१ डिसेंबरला पोलिसांनी वकिलांना मारहाण केली. ६ जानेवारीला देशभर वकिलांचा संप झाला. आतल्या भागातल्या बेकारांचा प्रश्न किनाऱ्यावरच्या शहरांत याच लोकांनी नेला.

राजवटीने या काळात केलेल्या चुका एकेक करून पाहण्यासारख्या आहेत. बेन अली २८ डिसेंबरला रुग्णालयात बँडेजने गुंडाळलेल्या बुअझिझीशेजारी उभे राहिले. दया दाखवायला काढलेले ते छायाचित्र उलटले. ४ जानेवारीला बुअझिझी मरण पावला. ८ ते १२ जानेवारी या काळात थाला आणि कासरीनमध्ये पोलिसांनी गोळीबार केला, किमान वीस माणसे मेली. अंत्ययात्रांवरही गोळ्या झाडल्या गेल्या, त्यामुळे प्रत्येक दफन पुढच्या मोर्चाची सुरुवात झाले. पोलिसांनी वापरकर्त्यांचे फेसबुक पासवर्ड चोरायचा प्रयत्न केला, ६ जानेवारीला ब्लॉग लिहिणाऱ्यांना पकडले. १० जानेवारीच्या भाषणात बेन अलींनी आंदोलकांना दहशतवादी म्हटले आणि त्याच दमात तीन लाख नोकऱ्या कबूल केल्या. त्याच दिवशी शाळा-विद्यापीठे बंद केली. वर्गात अडकलेली मुले त्यामुळे सरकारी आदेशानेच रस्त्यावर आली.

११ जानेवारीला यूजीटीटीच्या राष्ट्रीय मंडळाने प्रांतांना आपापला सार्वत्रिक संप ठरवण्याची मोकळीक दिली. नेतृत्वाने संपाची हाक दिली नाही, फक्त अडवणे थांबवले. तेवढे पुरले. १२ जानेवारीला स्फाक्समध्ये, देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या आणि उद्योगाच्या शहरात, प्रचंड मोर्चा निघाला. माझ्या मते राजवटीचा खरा पराभव त्या दिवशी झाला. गरीब प्रांतांचा दंगा अशी मांडणी त्यानंतर शक्य राहिली नाही. गृहमंत्र्यांना काढले, राजधानीत संचारबंदी लावली. १३ जानेवारीच्या भाषणात बेन अली प्रथमच बोलीभाषेत 'मला समजले' असे म्हणाले, गोळीबार थांबवण्याचे, पाव-दूध-साखरेचे भाव उतरवण्याचे आणि २०१४ मध्ये उभे न राहण्याचे वचन दिले. रात्री इंटरनेट खुले झाले. घाबरलेल्या सत्तेने घाईत दिलेली सूट लोकांनी बरोबर ओळखली. दुसऱ्या दिवशी बुर्गिबा मार्गावर गृहमंत्रालयासमोर हजारो माणसे उभी होती, आणि संध्याकाळी बेन अली गेले.

सैन्याबद्दल

सैन्यप्रमुख रशीद अम्मार यांनी गोळीबाराचा आदेश नाकारला, अशी कथा जगभर गेली. तसा आदेश दिल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. सैन्याचे वागणे समजायला त्या कथेची गरजही नाही. सुमारे ३५ हजारांचे हे दल बुर्गिबांच्या काळापासून मुद्दाम लहान ठेवलेले. धंद्यात वाटा नाही, राजकारणात जागा नाही. १९९१ मध्ये बराकेत एस-साहेल प्रकरणात २४४ लष्करी कर्मचाऱ्यांना रचलेल्या कटाच्या आरोपावरून पकडून गृहमंत्रालयात छळले गेले. ज्या पोलिसांनी लष्करी अधिकाऱ्यांचा असा छळ केला, त्यांची सत्ता वाचवायला सैन्य जीव टाकणार नव्हते. इजिप्तच्या सैन्याकडे कारखाने आणि जमिनी होत्या, सीरियाच्या सैन्याचा कणा सत्ताधारी घराण्याच्या पंथाशी बांधलेला होता. एका देशाचा निकाल दुसऱ्याला लावणाऱ्यांची तिथेच फसगत झाली.

पोलिसांचे गणितही साधे होते. एका प्रांताला वेढा घालायला ते पुरत. दहा-बारा प्रांतांत एकाच वेळी रात्रपाळी लागली, तेव्हा माणसे थकली आणि ठाणी सोडून गेली. अधिकृत चौकशी आयोगाने पुढे एकूण ३३८ मृत आणि २,१४७ जखमी नोंदवले.

बेन अली गेल्यावर पंतप्रधान मोहम्मद घन्नुशी यांनी आधी घटनेच्या कलम ५६ खाली 'तात्पुरता' कार्यभार घेतला. हे कलम राष्ट्राध्यक्षाच्या परतण्याची शक्यता जिवंत ठेवते. दुसऱ्या दिवशी घटना परिषदेने कलम ५७ लावून पद कायमचे रिक्त ठरवले. उठावाच्या यशात असे कागद मोर्चांइतकेच मोलाचे असतात. आतल्या प्रांतांतून आलेल्या लोकांनी पंतप्रधान कार्यालयासमोरच्या कस्बा चौकात दोनदा ठाण मांडल्यावर मोहम्मद घन्नुशींनी २७ फेब्रुवारीला राजीनामा दिला, मार्चमध्ये आरसीडी विसर्जित झाला.

आज त्याच वाटा

निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी २५ जुलै २०२१ रोजी संसद गोठवली, दारात लष्करी वाहन उभे राहिले. २०२२ च्या सार्वमताने नवी राज्यघटना आली, मतदान सुमारे ३० टक्के. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांना ९० टक्क्यांवर मते पडली, मतदान २९ टक्क्यांहूनही कमी. एप्रिल २०२५ मध्ये 'राज्याविरुद्ध कट' खटल्यात सुमारे ४० आरोपींना १३ ते ६६ वर्षांच्या शिक्षा झाल्या. अन्नहदाचे राशिद घन्नुशी एप्रिल २०२३ पासून तुरुंगात आहेत.

नवी राजवट जुन्याच वाटा अडवते आहे. सप्टेंबर २०२२ च्या ५४ क्रमांकाच्या अध्यादेशाने 'खोटी बातमी' पसरवण्याला पाच वर्षांची शिक्षा ठेवली, म्हणजे फेसबुकची वाट. मे २०२४ मध्ये चेहरे झाकलेल्या पोलिसांनी वकील भवनात घुसून सोनिया दहमानी यांना उचलले, म्हणजे वकिलांची वाट. २०१०-११ मध्ये जिथे आसरा मिळत असे, तिथे आता पोलीस आत जातात. सैन्यही तेव्हाइतके अलिप्त राहिलेले नाही, नागरिकांवरचे काही खटले लष्करी न्यायालयांत चालले.

उरते युनियनची वाट. महासंघ अंतर्गत भांडणांनी आणि नेत्यांच्या अटकांनी खिळखिळा आहे. तरी २१ ऑक्टोबर २०२५ रोजी गाबेसमध्ये, फॉस्फेटवर प्रक्रिया करणाऱ्या रासायनिक संकुलाच्या प्रदूषणाविरुद्ध, प्रांतिक युनियनच्या हाकेवर सार्वत्रिक संप झाला आणि हजारोंच्या संख्येने माणसे रस्त्यावर आली. मागणी पुन्हा स्थानिक आहे आणि कारखाना त्याच खाणींच्या मालावर चालतो. गाबेसचा संप रदेयेफच्या वाटेने जातो की स्फाक्सच्या, हे शेजारचे प्रांत त्याच दिवशी आपापले संप ठरवतात का, यावरून कळणार होते. त्या दिवशी तरी तो गाबेसपुरता राहिला.